लंबकापासून ग्रहांपर्यंत : वस्तुमान आणि वजन यांची फारकत

सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत वजन हा वस्तूचा अंगभूत गुण मानला जाई. पॅरिसमध्ये पौंडभर भरलेले सोने जहाजाने कुठेही नेले तरी ते पौंडभरच भरणार, अशी सर्वसाधारण समजूत होती आणि व्यापाऱ्यांचा अनुभव तिला दुजोरा देत होता. पण हा अनुभव फसवा होता. दोन पारड्यांच्या तराजूत एका बाजूला माल आणि दुसऱ्या बाजूला मापे असतात. एखाद्या ठिकाणी पृथ्वीची ओढ कमी असली, तर ती दोन्ही पारड्यांवर सारखीच कमी होते आणि काटा मध्यावरच राहतो. तराजू वजनाची तुलना करतो असे वाटत असले, तरी त्यातून कळते ते वस्तूत द्रव्य किती आहे एवढेच. ओढीतला फरक दाखवायला वेगळ्या तत्त्वावर चालणारे साधन हवे होते. ते मिळाले घड्याळाच्या रूपाने, आणि तेही भलत्याच कामासाठी नेलेल्या.

ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ तयार केले. त्यानंतर खगोलशास्त्रज्ञांना दिवसाला काही सेकंदांपर्यंत भरवसा ठेवता येईल असे कालमापन प्रथमच साध्य झाले. लंबकाचा आंदोलनकाल दोनच गोष्टींवर अवलंबून असतो : त्याची लांबी आणि त्या जागची पृथ्वीची ओढ. टोकाला टांगलेला गोळा जड की हलका, याने काही बिघडत नाही. एका सेकंदाला एक झोका घेणाऱ्या लंबकाची लांबी पॅरिसमध्ये जवळजवळ ९९.४ सेंटिमीटर भरत होती. ही लांबी पृथ्वीवर सगळीकडे सारखीच असेल, मग लांबीचे जागतिक प्रमाण म्हणून तीच का वापरू नये, असा विचार त्या काळात गंभीरपणे मांडला जात होता.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १६७२ मध्ये झां रिशे याला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील कायेन या फ्रेंच वसाहतीत पाठवले. मुख्य काम मंगळाच्या वेधांचे होते. पॅरिसहून खगोलशास्त्रज्ञ कासिनी आणि कायेनहून रिशे यांनी एकाच वेळी मंगळ पाहायचा, दोन ठिकाणांहून दिसणाऱ्या त्याच्या स्थानांतला सूक्ष्म फरक मोजायचा आणि त्यावरून मंगळाचे व सूर्याचे अंतर काढायचे, अशी योजना होती. कायेन विषुववृत्ताच्या उत्तरेस फक्त पाच अंशांवर आहे. तिथे पोचल्यावर रिशेच्या लक्षात आले की पॅरिसमध्ये बिनचूक लावलेले घड्याळ दिवसाला दोन मिनिटांहून अधिक मागे पडते. ते ताळ्यावर आणायला लंबक सव्वा लिन्य, म्हणजे सुमारे २.८ मिलिमीटर, आखूड करावा लागला. रिशे सावध माणूस होता. जवळजवळ दहा महिने तो दर आठवड्याला हे मापन करत राहिला आणि आकडा बदलला नाही.

पॅरिसमध्ये या निष्कर्षाचे स्वागत थंडपणे झाले. उष्ण हवेत धातूची दांडी वाढली असेल, किंवा रिशेच्या मापनात काही चूक असेल, असे कासिनीला वाटत होते. दांडी वाढते हे खरे, पण एवढी वाढत नाही. एडमंड हॅलीलाही १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावर लंबक आखूड करावा लागला आणि पुढे इतर मोहिमांनीही रिशेचीच बाजू खरी ठरवली. आकडा क्षुल्लक दिसतो. लांबीतला फरक हजारात तीन भागांहूनही थोडा कमी, म्हणजे पॅरिसमध्ये १०० किलो भरणारी वस्तू ताणकाट्यावर कायेनमध्ये पाव किलोहून थोडी अधिक हलकी भरेल. पण त्याचा अर्थ मोठा होता. गोळा तोच, त्यातले पितळ तेवढेच, तरी त्याचे वजन बदलले होते. मग जे बदलले नाही, त्याला काय म्हणायचे?

आयझॅक न्यूटनच्या १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’ची पहिलीच व्याख्या याविषयी आहे. त्याने ‘द्रव्याचे परिमाण’ अशी स्वतंत्र राशी मानली, तिला वस्तुमान असेही नाव दिले आणि ती घनता व आकारमान यांच्या गुणाकाराने मिळते असे सांगितले. ही व्याख्या तशी लंगडी आहे. घनता सांगायला वस्तुमान लागते आणि वस्तुमान सांगायला घनता, हा आक्षेप दोनशे वर्षांनी एर्न्स्ट माखने घेतला आणि तो खोडून काढणे कठीण आहे. न्यूटनचे खरे सामर्थ्य व्याख्येत नसून तिला जोडलेल्या प्रयोगात दिसते. त्याने लाकडाच्या दोन सारख्या पेट्या अकरा फूट लांबीच्या दोऱ्यांनी टांगल्या. एकीत लाकूड भरले आणि दुसरीत तेवढ्याच वजनाचे सोने. पुढे चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, पाणी आणि गहू अशी भरती बदलून पाहिली. पेट्या सारख्या असल्याने हवेचा रोध दोन्हींना सारखाच होता. दोन्ही लंबक बराच वेळ बरोबरीने झुलत राहिले. हजारात एक भागाएवढाही फरक असता, तर तो या प्रयोगात दिसला असता असे न्यूटनने नोंदवले आहे. म्हणजे एकाच जागी वजन हे वस्तुमानाच्या प्रमाणात असते, मग पदार्थ कोणताही असो. जागा बदलली की वजन बदलते आणि वस्तुमान तेवढेच राहते. रिशेचे घड्याळ मागे का पडले, याचे उत्तरही इथेच होते. स्वतःभोवती फिरणारी पृथ्वी विषुववृत्तावर किंचित फुगलेली आहे. तिथला पृष्ठभाग केंद्रापासून अधिक दूर आहे आणि फिरण्यामुळेही ओढीचा काही भाग कमी होतो.

यापुढची पायरी ग्रहांची होती, आणि ती ‘प्रिन्सिपिया’च्या तिसऱ्या खंडातील आठव्या सिद्धान्तात आहे. ग्रह कोणत्याही पारड्यात घालता येत नाही. पण त्याच्याभोवती काही फिरत असेल, तर त्या फिरणाऱ्याचे अंतर आणि प्रदक्षिणेचा काळ यांवरून ग्रहाची ओढ आणि ओढीवरून त्यातले द्रव्य काढता येते. फिरणारा उपग्रह स्वतः किती जड आहे, हे कळण्याची गरजच पडत नाही, कारण लंबकाच्या गोळ्याप्रमाणे त्याचेही वस्तुमान हिशेबातून निघून जाते. न्यूटनने सूर्यासाठी शुक्राची, गुरूसाठी कॅलिस्टोची, शनीसाठी हायगेन्सने शोधलेल्या टायटनची आणि पृथ्वीसाठी चंद्राची कक्षा घेतली. १७२६ च्या तिसऱ्या आवृत्तीत सूर्याचे वस्तुमान १ धरले तर गुरूचे १/१,०६७, शनीचे १/३,०२१ आणि पृथ्वीचे १/१,६९,२८२ असे आकडे आहेत.

त्याच ठिकाणी दुसरीही एक मालिका आहे : या चार गोलांच्या पृष्ठभागावर समान वस्तूंची वजने किती भरतील? न्यूटनची उत्तरे सूर्य १०,०००, गुरू ९४३, शनी ५२९ आणि पृथ्वी ४३५ अशी होती. ग्रहांच्या बाबतीत वस्तुमान आणि वजन यांची फारकत किती मोठी असू शकते, हे या दोन मालिका शेजारी ठेवल्यावर समजते. न्यूटनच्याच आकड्यांनुसार शनीत पृथ्वीच्या ५६ पट द्रव्य आहे, पण तिथे वस्तूचे वजन पृथ्वीवरच्या सव्वापटही होत नाही. कारण शनी अवाढव्य आहे. त्याचा पृष्ठभाग केंद्रापासून इतका दूर आहे की द्रव्याच्या ओढीचा जोर तिथवर पोचेपर्यंत विरळ होतो.

गुरूचा आकडा आजच्या १/१,०४७ या मूल्याला चांगलाच जवळ आहे. पृथ्वीचा मात्र साफ चुकला आहे. खरे मूल्य जवळपास १/३,३२,९४६ म्हणजे न्यूटनच्या आकड्याच्या निम्मे आहे. त्यातही पहिल्या आवृत्तीत त्याने १/२८,७०० लिहिले होते, ते पाहता तिसरी आवृत्ती बरीच सुधारलेली म्हणायची. चुकीचे मूळ प्रामुख्याने सूर्याच्या अंतरात होते. हिशेबात या अंतराचा घन येतो, त्यामुळे अंतरातली थोडी चूकही फुगून बाहेर पडते. रिशे कायेनला गेला होता तो याच अंतरासाठी.

न्यूटनचे सारे आकडे तुलनात्मक होते. गुरू पृथ्वीच्या किती पट, हे त्यांवरून सांगता येत होते, पण पृथ्वीत द्रव्य किती हे नाही. त्यासाठी पृथ्वीच्या ओढीची तुलना हाताशी असलेल्या, वस्तुमान माहीत असलेल्या एखाद्या वस्तूच्या ओढीशी करायला हवी. न्यूटनने अंदाज तेवढा केला : पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या पाच ते सहा पट असावी. प्रयोगाने हा अंदाज खरा ठरायला शंभरहून अधिक वर्षे लागली.

पहिला प्रयत्न १७३८ मध्ये झाला. पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी आजच्या एक्वादोरमध्ये गेलेल्या फ्रेंच मोहिमेतील प्येर बुगेर याने चिंबोराझो पर्वताजवळ ओळंबा टांगला. एवढा प्रचंड डोंगर ओळंब्याला स्वतःकडे खेचणार आणि किती खेचतो ते ताऱ्यांच्या वेधांवरून कळणार, अशी कल्पना होती. बर्फ आणि वाऱ्यात घेतलेल्या या वेधांतून विचलन मिळाले सुमारे आठ विकला (कोनीय सेकंद). अपेक्षा शंभर विकलांच्या आसपासची होती. आकड्यावर विसंबण्यासारखे नव्हते, पण पृथ्वी आतून पोकळ नाही एवढे त्यावरून म्हणता आले.

लंडनच्या रॉयल सोसायटीने हीच कल्पना १७७४ मध्ये स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगरावर राबवली. शुक्राच्या १७६९ च्या अधिक्रमणासाठी राजाकडून मिळालेल्या रकमेतून उरलेले पैसे कामी आले. शिहॅलियन सुमारे १,०८३ मीटर उंच, एकटा उभा आणि बऱ्यापैकी सममित आकाराचा. राज-खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिन याने धुके आणि पाऊस सोसत डोंगराच्या दक्षिण व उत्तर उतारांवर ओळंब्याच्या साहाय्याने ताऱ्यांचे वेध घेतले. दोन्ही बाजूंचे विचलन मिळून ११.६ विकला भरले. खरी मेहनत पुढे होती. डोंगराचे आकारमान काढायचे म्हणजे हजारो उंचींच्या नोंदी जुळवायच्या. गणितज्ञ चार्ल्स हटन याने नकाशावर समान उंचीचे बिंदू रेषांनी जोडले आणि हा गुंता सोडवला. समोच्चरेषांचा हा अगदी सुरुवातीच्या वापरांपैकी एक. १७७८ मध्ये त्याने पृथ्वीची घनता पाण्याच्या साडेचार पट असल्याचे जाहीर केले, आणि लगेच सूर्य, चंद्र व ग्रह यांच्या घनताही मांडल्या. 

डोंगराच्या पद्धतीत एक उणीव कायमची होती. खडकाची घनता अंदाजानेच धरावी लागे. म्हणून डोंगराऐवजी शिशाचे गोळे घ्यावेत, असे जॉन मिशेल या धर्मगुरूने सुचवले आणि त्यासाठी पीळ-तराजू बांधला. तो वापरण्याआधीच, १७९३ मध्ये, मिशेल वारला. उपकरण हेन्री कॅव्हेंडिशकडे आले. त्याने ते जवळजवळ नव्याने बांधून १७९७-९८ मध्ये लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील आपल्या घरी प्रयोग केले. बारीक तारेने आडवी टांगलेली सहा फुटी दांडी, तिच्या दोन टोकांना प्रत्येकी पाऊण किलोच्या आसपासचे दोन लहान गोळे आणि त्यांच्याजवळ आणता येतील असे प्रत्येकी १५८ किलोचे दोन मोठे गोळे, अशी रचना होती. मोठ्या गोळ्यांची लहान गोळ्यांवरची ओढ म्हणजे लहान गोळ्याच्या वजनाचा सुमारे चार-पाच कोटींतला एक भाग. माणूस खोलीत शिरला तरी त्याच्या अंगाच्या उष्णतेने हवेचे झोत निर्माण होऊन दांडी हलेल, हे ओळखून कॅव्हेंडिशने खोली बंद ठेवली. गोळे बाहेरून दोऱ्यांनी हलवले आणि भिंतीतल्या भोकांतून दुर्बिणीने दांडीचे टोक पाहिले.

त्याचे उत्तर होते ५.४८. आजचे मूल्य ५.५१ आहे. गंमत अशी, की कॅव्हेंडिशच्या बेरजेत एक साधी चूक होती. ती पुढे फ्रान्सिस बेली याने दाखवून दिली. हिशेब दुरुस्त केल्यावर उत्तर ५.४५ च्या जवळ येते, म्हणजे चुकीचे उत्तरच सत्याला अधिक जवळ होते. तरीही १७९८ च्या साधनांनी शेकडा एक-दीड भागांच्या आत पोचणे ही त्या शतकातील प्रयोगकौशल्याची कमाल म्हणावी लागेल.

कॅव्हेंडिशने पृथ्वीचे वजन केले, असे पुष्कळदा लिहिले जाते. त्याने प्रत्यक्षात काढली ती घनता आणि तिच्यातून मिळते ते वस्तुमान : सुमारे ६ वर २४ शून्ये इतके किलोग्रॅम. पृथ्वीचे वजन म्हणायचेच झाले, तर ते सूर्य तिला ज्या बलाने ओढतो ते धरावे लागेल. ते सुमारे ३.५ गुणिले १० चा २२ वा घात इतके न्यूटन भरते आणि पृथ्वी सूर्यापासून दूर गेली तर कमी होईल. शिवाय पृथ्वी कशावर टेकलेली नाही, ती सूर्याभोवती मुक्तपणे पडतच असते, त्यामुळे हे वजन कोणत्याही काट्यावर उमटणार नाही. पृथ्वीचे वस्तुमान मिळताच न्यूटनची तुलनात्मक यादी किलोग्रॅममध्ये मांडता आली. सूर्य, गुरू, शनी सारे एकाच गुणाकाराने.

पृथ्वीवरची ओढ जागोजागी किती बदलते, याचा पुढचा धडा भारतात मिळाला. त्रिकोणमितीय सर्वेक्षणात मध्य भारतातील कल्याणपूर आणि हिमालयाच्या पायथ्याकडील कल्याणा या ठाण्यांमधले अंतर जमिनीवरच्या मोजणीने एक आणि ताऱ्यांच्या वेधांनी दुसरे आले. फरक ५.२३६ विकलांचा होता. जॉर्ज एव्हरेस्टने तो मोजणीच्या चुकांत जमा केला. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी हिमालयाच्या ओढीचा हिशेब मांडला, तेव्हा उलटाच पेच उभा राहिला : डोंगररांगांच्या दृश्य द्रव्याप्रमाणे फरक १५.८८५ विकलांचा यायला हवा होता. हिमालय ओळंब्याला खेचतो, पण दिसतो त्याच्या एक तृतीयांशच. १८५५ मध्ये जॉर्ज एअरीने याचा उलगडा केला. पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यांप्रमाणे, जो वर अधिक उंच असतो त्याचे हलके मूळही तितकेच खोल गेलेले असते आणि खालची ही उणीव वरच्या द्रव्याची ओढ बरीचशी फेडून टाकते. प्रॅटने पुढे वेगळे स्पष्टीकरण दिले, उंच भागांखालचा खडकच कमी घनतेचा असल्याचे. रिशेचा लंबक पुन्हा बाहेर आला तो याच प्रश्नासाठी. जेम्स पॅलाडिओ बासेवी याने १८६५ पासून भारतभर लंबकाने गुरुत्व मोजले. लडाखमधील मोरे पठारावर मापन केल्यानंतर १८७१ मध्ये तो तिथेच मरण पावला. डोंगराळ उंचीवर ओढ हिशेबापेक्षा कमी भरते, असे त्याच्या आकड्यांतूनही निघाले.

दरम्यान ग्रहांच्या यादीत काही जागा रिकाम्या होत्या. बुध आणि शुक्र यांना चंद्र नाही, त्यामुळे न्यूटनची पद्धत तिथे थांबते. शुक्राचे वस्तुमान त्याच्यामुळे इतर ग्रहांच्या गतीत होणाऱ्या विचलनातून काढले जाई. बुधासाठी योहान एन्के याने त्याच्या जवळून जाणाऱ्या, आणि आता एन्केच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या, धूमकेतूचा आधार घेतला. हे आकडे डळमळीत असत. नेपच्यूनच्या बाबतीत नशीब चांगले होते. ग्रह १८४६ च्या २३ सप्टेंबरला सापडला आणि सतरा दिवसांनी विल्यम लॅसेलने त्याचा चंद्र ट्रायटन शोधला. त्यावरून कळले की ग्रहाचे ठिकाण अचूक वर्तवणाऱ्या ल व्हेर्येने त्याचे वस्तुमान मात्र दुप्पट धरले होते. मंगळाचे चंद्र १८७७ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत असफ हॉलला दिसले, आणि इतर ग्रहांच्या विचलनांतून वर्षानुवर्षे किचकट गणिताने काढला जाणारा आकडा थोड्या रात्रींच्या वेधांतून हाती आला.

प्रयोगशाळेत दोन्ही राशी वेगळ्या मानल्या जात असल्या, तरी मापनाच्या व्यवहारात घोळ चालूच होता. किलोग्रॅम हे वजनाचे एकक की वस्तुमानाचे? वजने-मापे यांच्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९०१ मध्ये निकाल दिला : किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक, आणि वजन ही बलाच्या जातीची राशी. गुरुत्वीय त्वरणाचे प्रमाण मूल्यही तेव्हाच ठरले, ९.८०६६५ मीटर प्रति वर्ग सेकंद. बाजारात याने काहीच बदलले नाही, आणि बदलायची गरजही नव्हती. अवकाशात मात्र हा भेद व्यवहाराचा झाला. १९७३ मध्ये ‘स्कायलॅब’ या अवकाशस्थानकावर अंतराळवीरांचे वस्तुमान मोजायला स्प्रिंगवर पुढेमागे डोलणारी खुर्ची वापरली गेली. वजन जाणवत नसलेल्या जागी काटा निरुपयोगी होता. खुर्ची किती सावकाश डोलते, यावरून माणसाचे वस्तुमान कळत असे.

यानांनी ग्रहांसाठीही कृत्रिम उपग्रहाचे काम केले. १९६२ मध्ये ‘मरीनर-२’ शुक्राजवळून आणि १९७४ मध्ये ‘मरीनर-१०’ बुधाजवळून गेले. त्यांचे मार्ग किती वळले, हे रेडिओ संदेशांवरून मोजून दोन्ही रिकाम्या जागा नीट भरल्या गेल्या. वस्तुमान आणि वजन यांची यादी आज विचित्र वाटावी अशी दिसते. मंगळाचे वस्तुमान बुधाच्या जवळपास दुप्पट, पण दोन्हींच्या पृष्ठभागावर त्वरण ३.७ मीटर प्रति वर्ग सेकंद, म्हणजे वस्तूचे वजन सारखेच. युरेनसमध्ये पृथ्वीच्या साडेचौदा पट द्रव्य आहे, तरी ढगांच्या पातळीवर वस्तू पृथ्वीपेक्षा हलकी भरेल. शनीचे वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट ठरले आहे आणि फिरण्याचा परिणाम सोडला तर तिथले गुरुत्व पृथ्वीपेक्षा जेमतेम सहा-सात टक्क्यांनी जास्त.

या साऱ्या अचूकतेत एक दुवा अजूनही इतरांच्या मानाने कच्चा आहे. यानांवरून आणि उपग्रहांवरून मिळतो तो गुरुत्व स्थिरांक आणि वस्तुमान यांचा गुणाकार. पृथ्वीसाठी तो नऊ-दहा अंकांपर्यंत माहीत आहे. किलोग्रॅम काढायचे तर त्याला स्थिरांकाने भागावे लागते, आणि तो स्थिरांक प्रयोगशाळेत चार-पाच अंकांपलीकडे खात्रीने मोजता आलेला नाही. म्हणून यानांचे मार्ग आखणारे लोक ग्रहाचे किलोग्रॅम वापरतच नाहीत. त्यांचे सारे काम गुणाकारावर भागते.

चंद्रावाचून वस्तुमान काढण्याची सर्वांत मोठी फजिती प्लूटोच्या वाट्याला आली. पर्सिव्हल लोवेलने नेपच्यूनपलीकडच्या ग्रहासाठी पृथ्वीच्या सहा-सात पट वस्तुमान गृहीत धरले होते. १९३० मध्ये प्लूटो सापडल्यावर आकडा पृथ्वीएवढ्यावर आला, मग तिच्या दशांशावर, आणि १९७६ मध्ये पृष्ठभागावर मिथेनचे बर्फ आढळल्यावर शतांशाच्याही खाली. १९७८ मध्ये जेम्स क्रिस्टीने प्लूटोचा चंद्र शॅरन शोधला, तेव्हा वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढे ठरले. दोन शास्त्रज्ञांनी १९८० मध्ये या घसरणीचा आलेख काढून प्लूटो १९८४ मध्ये नाहीसा होणार, असे गमतीने भाकीत केले. नेपच्यूनच्या पलीकडे २००५ मध्ये जाहीर झालेल्या एरिसचे वस्तुमान तिच्या डिस्नोमिया या चंद्रावरून २००७ मध्ये मिळाले. ते प्लूटोपेक्षा २७ टक्के अधिक निघाले. ‘न्यू होरायझन्स’ यानाने २०१५ मध्ये प्लूटोचा व्यास मोजला, तेव्हा तो एरिसपेक्षा किंचित मोठा ठरला. आकाराने लहान आणि द्रव्याने अधिक असल्याने एरिसवरचे त्वरण ०.८२ मीटर प्रति वर्ग सेकंद आहे, तर प्लूटोवरचे ०.६२.